टेन्स मशीन : सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ब्लाउज शिवायला लागून मला एकवीस वर्षं झाली. गेल्या दिवाळीच्या गर्दीत कापडाचा गठ्ठा उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. आठ दिवसांनी डाव्या कुल्ह्यातून पोटरीपर्यंत सणक जायला लागली. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली (एल४-एल५) गादी सरकलेली दिसली. ऑपरेशन नको, गोळ्या आणि फिजिओथेरपी करा, असं डॉक्टर म्हणाले. तिथे टेन्स, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं मशीन, लावल्यावर बरं वाटायचं, म्हणून फिजिओताईंना विचारून डिसेंबरात घरी छोटं मशीन आणलं. दोन चॅनेल, चार चिकट पॅड, अठराशे रुपये.

हे नेमकं काय करतं ते ताईंनी इतकं छान समजावलं की तेच आधी सांगते. कोपर कुठे आपटलं की आपण लगेच चोळतो, आणि चोळलं की कळ कमी होते. स्पर्शाच्या नसा जाड आणि वेगवान असतात, रेंगाळणाऱ्या ठणक्याच्या नसा बारीक आणि संथ. दोन्हींचे निरोप मज्जारज्जूत पोचतात. तिथे स्पर्शाचे निरोप भरपूर आले की दुखण्याच्या निरोपाला पुढे जायला वाट कमी मिळते. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली ही ‘दाराची’ कल्पना मांडली. टेन्सच्या मुंग्या म्हणजे विजेने केलेलं चोळणंच. गादी त्याने जागेवर जात नाही. हे आधीच कळलं म्हणून मशीनकडून भलती अपेक्षा ठेवली नाही.

तरी पहिल्या आठवड्यात चुकलेच. जास्त करंट म्हणजे जास्त आराम असं वाटून आकडा वाढवत नेला. स्नायू उडायला लागले आणि रात्री कंबर आणखी धरली. मुंग्या ठसठशीत जाणवाव्यात, पण टोचू नयेत, एवढाच आकडा ठेवायचा. मी साधारण ८० ते १०० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला करंटचे तितके ठोके) वीस-पंचवीस मिनिटं लावते. रोज तेच सेटिंग ठेवलं की शरीराला सवय होते आणि गुण कमी वाटतो, म्हणून मधे दोन दिवस सोडते.

पॅडची जागा फार महत्त्वाची. मणक्याच्या हाडावर लावायचे नाहीत, दोन्ही बाजूंच्या मांसावर लावायचे. पाठीला आपला हात पोचत नाही. माझ्या लेकीने ताईंनी दाखवलेल्या जागा माझ्याच शिलाईच्या खडूने आखून घेतल्या, मग मोबाइलवर फोटो काढून ठेवला. अजून तोच फोटो बघून लावते.

तक्रार आहे ती पॅडचीच. माझ्या घरात हवेतही धाग्यांचा भुगा, तो सगळा जेलला चिकटतो. पहिला जोड सहा आठवड्यांत गेला. कोरड्या पॅडने कडेला चटके बसून कातडी लाल झाली. आता लावण्याआधी पाठ ओल्या फडक्याने पुसून कोरडी करते, आणि काढले की लगेच प्लॅस्टिकच्या कागदावर परत चिकटवते. पॅड सुकल्यासारखा वाटला तर पाण्याचं एक बोट फिरवते. दुसरा जोड तीन महिने टिकला. वायरीची पिनही सैल आहे, कूस बदलली की करंट तुटतो. या किमतीत ती नीट बसायला हवी होती.

आता खरा फरक. मशीन बंद केल्यावर मला तासभर, कधी दीड तास हलकं वाटतं, नंतर दुखणं परत येतं. सुरुवातीला त्या तासात मी परत पायडलवर बसायचे, आणि महिनाभर काहीच सुधारलं नाही. ताई रागावल्या. तेव्हापासून तो तास चालायला आणि व्यायामाला. दुखेल या भीतीने जे वाकणं-वळणं टाळत होते, ते त्या तासात करता आलं. फेब्रुवारीपासून सणक गुडघ्याच्या वरच थांबायला लागली. याचं श्रेय मी व्यायामाला आणि काळाला देते. मशीनने तो व्यायाम करू दिला. ब्रिटनमधली नाइस ही संस्था २०१६ पासून कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असंच सांगते, कारण पुरेसा पुरावा नाही. हे माहीत असूनही मी वापरते, पण घेणाऱ्याने हे वाचून मगच पैसे घालावेत.

पायातली ताकद जायला लागली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर मशीन शोधत बसू नका, त्याच घटकेला हॉस्पिटल गाठा. गरोदरपणात आणि फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. गळ्यावर पुढून कधीच नाही, बधिर कातडीवरही नाही.

परवा शेजारच्या काकू गुडघ्यासाठी मशीन मागायला आल्या. त्यांना पेसमेकर बसवलाय, म्हणून दिलं नाही. थोड्या नाराज झाल्या. गरम पाण्याची पिशवी भरून दिली आणि फिजिओताईंची वेळ घेऊन दिली. सोमवारी मीच त्यांना घेऊन जाणार आहे.