जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प की सत्तरच्या दशकातला रिसीव्हर: दुरुस्तीसाठी कोणता घ्यावा?

वापरलेला जुना संच घेऊन स्वतः दुरुस्त करायचा म्हटलं की निवड बहुधा या दोघांत होते: काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, किंवा रेडिओ आणि अ‍ॅम्प एकाच पेटीत असलेला ट्रान्झिस्टरचा रिसीव्हर. कोणाचा आवाज गोड, हा वाद कधी संपत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू. घेण्याआधी विचारायचं ते एवढंच: आतला कोणता भाग गेला तर पुन्हा मिळणार नाही? कपॅसिटर, रेझिस्टर, डायोड, रिले नवे मिळतात. त्यामुळे ‘पूर्ण बंद’ म्हणून विकायला काढलेला संच कधीकधी ‘चालतो, जरा खरखरतो’ म्हणणाऱ्यापेक्षा सोपा निघतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हा भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर, विशेषतः आउटपुट ट्रान्सफॉर्मर. संच बंद, प्लग काढलेला आणि कपॅसिटर रिकामे असताना त्याच्या प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे) ओहम मोजा. पुश-पुल (आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने, आळीपाळीने काम करणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंचे ओहम जवळपास सारखे यायला हवेत. थोडा फरक चालतो, कारण बाहेरच्या थरातल्या वेढ्यांना तार जास्त लागते. एक बाजू ओपन (तार तुटलेली) असेल तर संच तिथेच सोडा. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेता येतो, पण तो वेगळाच उद्योग आहे.

ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर बाकीचं काम आटोपशीर असतं. भाग थोडे, वायरिंग बहुधा टॅगस्ट्रिपवर (सोल्डर करायच्या टोकांच्या पट्टीवर), डोळ्यांनी माग काढता येतो. खरा गुन्हेगार म्हणजे मेण-कागदाचे जुने कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे देणारे, डीसी अडवणारे). ते डीसी गळू देतात, आउटपुट व्हॉल्व्हची ग्रिड (प्रवाह ताब्यात ठेवणारी जाळी) धन होते, प्रवाह वाढतो, प्लेट लाल होते आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जातो. ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जवळपास शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत. अर्धा-एक व्होल्ट धन दिसला तर व्हॉल्व्ह काढून पुन्हा मोजा: व्होल्टेज राहिलं तर दोष कपॅसिटरचा, गेलं तर व्हॉल्व्हचा. असे कपॅसिटर न मोजता सरळ ६३० व्होल्टच्या फिल्म कपॅसिटरने बदलले तरी कोणी नावं ठेवणार नाही.

व्हॉल्व्हमधला प्रवाह कॅथोडवर (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकावर) कळतो. सिंगल-एंडेड (एकट्याने काम करणाऱ्या) ईएल ८४ ला १३५ ओहमच्या रेझिस्टरवर सुमारे ७.३ व्होल्ट, म्हणजे ५४ मिलिअँपिअर. तिथे १० व्होल्ट दिसले तर ७४ होतात. ताबडतोब बंद करा. फिल्टर कपॅसिटर बदलताना ‘मोठा तितका चांगला’ हा मोह टाळा. ईझेड ८१ या रेक्टिफायर (एसीचा डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. आणि स्पीकर किंवा लोड न जोडता अ‍ॅम्पला सिग्नल देऊ नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते.

रिसीव्हरमध्ये उलट आहे. व्होल्टेज कमी, पण भाग शेकड्यांनी आणि सगळे पीसीबीवर (छापील सर्किटच्या पाटीवर). सर्व्हिस मॅन्युअल हातात नसेल तर सुरुवातच करू नका. ‘आवाज येत नाही’ यामागे अनेकदा प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला तर स्पीकर तोडणारा स्विच) असतो: तो सुरू करताना ‘टक’ असा वाजतच नसेल तर आउटपुटवर डीसी आलेला असू शकतो. रिलेच्या अलीकडे मोजा. हा डीसी, म्हणजे ऑफसेट, ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० च्या वर गेला तर कारण शोधा. काही व्होल्ट दिसले तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. तेव्हा एकटा तोच बदलू नका, ड्रायव्हर (त्याला चालवणारा ट्रान्झिस्टर) आणि एमिटर रेझिस्टरही तपासा, नाहीतर नवी जोडी पहिल्याच मिनिटात जळते. रिले वाजतो, पण एका बाजूचा आवाज कमी-जास्त होतो? मग कॉन्टॅक्ट काळे पडलेत. रिले बदला.

रिसीव्हरची अवघड जागा म्हणजे बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरावीक प्रवाह. त्या काळच्या काही संचांत व्हीडी १२१२ सारखे बायस ठरवणारे व्हेरिस्टर डायोड आहेत. ते तडकून ओपन झाले की बायस वर चढतो आणि आउटपुट जळतं. त्यांच्या जागी १एन ४१४८ चे दोन डायोड सिरीजमध्ये लावतात. धुळीने भरलेला उघडा ट्रिमर (बायस जुळवायचा छोटा रेझिस्टर) काढून मल्टिटर्न, म्हणजे अनेक फेऱ्यांचा, लावा, आणि पहिल्यांदा सुरू करण्याआधी बायस किमान होईल असा फिरवा. ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर २० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४३ मिलिअँपिअर. लक्ष्य मात्र मॅन्युअलमधलंच. मोठ्या कपॅसिटरभोवतीचा तपकिरी झालेला गोंदही खरवडून काढा. तो कालांतराने वीज वाहू लागतो आणि भागांचे पाय (लीड) खातो.

पहिल्यांदा वीज देताना दोघांनाही ६० ते १०० वॅटचा जुना फिलामेंटचा दिवा सिरीजमध्ये लावा, एलईडीचा उपयोग नाही. रिसीव्हर: दिवा क्षणभर उजळून मंद व्हावा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मुळातच वीज जास्त खातो, त्यामुळे तिथे दिवा फसवतो. सगळे व्हॉल्व्ह काढून तपासा, तेव्हा तो जवळपास विझलेला हवा. हात घालण्याआधी कपॅसिटर रिकामे करायचेच: व्हॉल्व्ह संचात १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पाचेक सेकंद, रिसीव्हरच्या १०,००० मायक्रोफॅरडला २२० ओहम, ५ वॅटचा पंधरा सेकंद. मग मीटरने खात्री करा.

माझा कल असा: डाग देण्याचा (सोल्डरिंगचा) सराव असेल आणि मॅन्युअल असेल, तर सुट्या ट्रान्झिस्टरचा रिसीव्हर घ्या. तिथली चूक बहुधा एका ट्रान्झिस्टर जोडीवर निभावते. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये ३०० व्होल्टच्या पुढे एक हात खिशात ठेवायची (म्हणजे वीज छातीतून जाऊ नये म्हणून एकाच हाताने काम करायची) सवय नसेल, तर तो आधी घेऊ नका.

रिसीव्हर ठरवताना झाकण उघडून आउटपुट नक्की पाहा. सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके मॉड्यूल (सगळं आउटपुट एकाच बंद तुकड्यात) असेल आणि ते मेलेलं असेल, तर अस्सल मिळणं कठीण. बाजारात नकली भरपूर. सोनीच्या टीए-५६५० सारख्या व्ही-फेट अ‍ॅम्पची गोष्ट त्याहून बिकट: त्यातले २एसके ६० आणि २एसजे १८ हे व्ही-फेट (खास जातीचे आउटपुट ट्रान्झिस्टर) बनायचे कधीच थांबले. असा संच चालू स्थितीत, ऑफसेट मोजूनच घ्या. बंद असेल तर कितीही स्वस्त मिळो, दुसऱ्याला घेऊ द्या.