एक्सपल्स २०० ४व्ही: एक अख्खा पावसाळा काढल्यावर १९ पीएसबद्दल थोडं

हीरोची ही ऑफ-रोड बाइक घेतली तेव्हापासून पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वेल्ह्याच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकतोय: "पॉवर किती?" १९ पीएस (जवळजवळ तेवढेच हॉर्सपॉवर) म्हटलं की समोरच्याचं तोंड बारीक. एवढीच?

मी रेसर नाही. आठवडाभर ऑफिस, आणि सुट्टीला पानशेत-वेल्हे-मढे घाट पट्ट्यातल्या गाडीवाटा (जंगल खात्याच्या हद्दीत गाडी घालत नाही, कोणी घालूही नये). हे त्याच वापरातून लिहितोय.

कागदावरचे आकडे: १९९.६ सीसी, ८,५०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) १९.१ पीएस, ६,५०० ला १७.३५ एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर), वजन १६० किलोच्या आतबाहेर, पुढे २१ इंची चाक, मागे १८. आता प्रश्न असा की, चिखलात ८,५०० पर्यंत इंजिन नेतंय कोण? दगडधोंड्यांच्या चढावर मी सेकंडला ३,५०० च्या आसपास असतो. एनएमला आरपीएमने गुणायचं आणि ९,५४९ ने भागायचं, किलोवॅट मिळतात. तिथे १४ एनएम धरले तरी उत्तर येतं पाच किलोवॅटच्या जरा वर, म्हणजे साधारण सात पीएस. ज्या १९ वरून लोक नाक मुरडतात, त्यातले बारा तिथे कामालाच लागत नाहीत. पंधरा एचपीचा मिनी ट्रॅक्टर ओल्या रानातून नांगर ओढतो तो गिअरिंगच्या जोरावर, हे गावाकडे कोणाला सांगावं लागत नाही.

जुलैतला मुरमाचा चढ घ्या. मधोमध पाण्याने घळ पाडलेली, कडेच्या दगडांवर शेवाळ. फर्स्टला टाकून मूठ पिळली की मागचं चाक जागेवर फिरतं, टायरच्या नॉब्जमध्ये (उंचवट्यांमध्ये) चिखल भरतो आणि गाडी स्वतःच खड्डा खणून बसते. सेकंडला चाकावर जोर कमी येतो, म्हणूनच पकड टिकते. उभं राहायचं, वजन फुटपेगवर, क्लचवर एक बोट, नजर घळीत नाही तर वर. टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली तर फरक लगेच कळतो. परतीच्या डांबरासाठी छोटा पंप मात्र बॅगेत हवा. या सगळ्यात आणखी दहा घोडे मिळाले असते तर मी फक्त जास्त जोरात घसरलो असतो.

मग मोटोक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या उड्यांच्या शर्यती) गाड्यांच्या रिव्ह्यूंमध्ये पॉवरवरून एवढी चर्चा का असते? कारण ती दुनियाच वेगळी. बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीग झाली, तिथे ज्यांनी २५० आणि ४५० च्या गाड्या बघितल्या त्यांना सांगायला नको. वळणातून बाहेर पडताच जंप, आणि तेवढ्या अंतरात वेग नाही पकडला तर उडी तोकडी पडणार. तिथे पॉवर लागतेच. ४५० ची मोटोक्रॉस गाडी ५५ पीएसच्या वर पॉवर देते, तीही ११० किलोच्या आसपास वजनात. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांना पॉवर मऊ करणारा मॅप (इंजिनाचं सेटिंग) असतो, तो कशासाठी? शिवाय त्यांचं ऑइल, पिस्टन सगळं तासांच्या हिशोबाने बदलायचं आणि नंबरप्लेट नाहीच. डाकार रॅलीमध्येसुद्धा २०११ पासून बाइकला ४५० सीसीची मर्यादा आहे, आणि वाळवंटातल्या त्या वेगाचं गणित आपल्या बांधावर लावण्यात अर्थ नाही.

पॉवर कमी पडते ती डांबरावर. खंबाटकी घाट चढताना मागे बायको, दोन बाजूंना बॅगा आणि पुढे ओळीने ट्रक असले की दोनशे सीसीची मर्यादा कळते. ओव्हरटेक आधीच ठरवून, एक गिअर खाली टाकून करायचा. सपाटीला ८०-८५ ला गाडी खूश असते, त्यावर नुसता आवाज वाढतो. मी पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दात्याने लहान केलंय, त्यामुळे रांगणं सोपं झालं आणि हायवेला आरपीएम सात-आठ टक्के चढले. हा सौदा मला मान्य आहे, रोज साताऱ्याला जाणाऱ्याला नसेल.

त्याच्यासाठी २४.६ पीएसची एक्सपल्स २१० आहे, सहावा गिअरही मिळतो. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० चे ४० पीएस हायवेला मस्तच, पण १९६ किलो चिखलात आडवे झाले की उचलायला दुसरा माणूस शोधा. माझी मी एकटा उचलतो, शिव्या देत का होईना.

वरचे पैसे असतील तर आधी नॉबी टायर, मग सस्पेन्शन. याच गाडीच्या ४व्ही प्रो मॉडेलला पॉवर तेवढीच, पण सस्पेन्शनला पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर ट्रॅव्हल (वरखाली हलण्याची जागा) आहे. सीट ८९१ मिलिमीटर उंच. माझी उंची साडेपाच फूट, पाय टेकेनात म्हणून साधी घेतली. पावणेसहा फुटांच्या वर असाल तर दोन्ही चालवून बघा आणि प्रोच घ्या.