कॉटमन जलरंग: तयार पेटी नको, सुट्या ट्यूब घ्या

‘कॉटमन’ ही विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या कंपनीची विद्यार्थी श्रेणी, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचे स्वस्त जलरंग. एकूण ४० रंग, हाफ पॅनमध्येही (छोट्या डबीतली रंगाची सुकी वडी) मिळतात आणि ट्यूबमध्येही. शिकायला ही श्रेणी पुरेशी चांगली आहे. मात्र बारा रंगांच्या पेटीपेक्षा पाच सुट्या ट्यूब घ्याव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो. आधी तो वाचा. अल्ट्रामरीनवर पीबी २९, पर्मनंट रोझवर पीव्ही १९, इंटेन्स ब्लूवर पीबी १५. प्रत्येकात एकच रंगद्रव्य. सॅप ग्रीन मात्र ट्यूबमध्येच मिसळून आलेला असतो. असे दोन मिश्र रंग एकत्र केले की चार-पाच रंगद्रव्यं एकमेकांत जातात आणि कागदावर चिखल होतो. नवशिक्याला वाटतं, आपला हात चुकला. खरं तर चूक खरेदीतच झालेली असते.

नावापुढे ‘ह्यू’ असेल तर मूळ महागड्या रंगद्रव्याऐवजी दुसरं वापरलंय असं समजा. सरावाला त्याने काही बिघडत नाही.

या श्रेणीची खरी मर्यादा वेगळीच आहे. कलावंत श्रेणीपेक्षा रंगद्रव्य कमी असल्याने वाळल्यावर वॉश, म्हणजे पाण्यात कालवून पसरलेला रंगाचा थर, बराच फिका पडतो. मग लोक वरून दुसरा-तिसरा हात देतात, खालचा थर सुटतो आणि सगळंच मळकट दिसतं. त्यापेक्षा पहिलाच वॉश हवा त्याहून थोडा गडद कालवा. इथे ट्यूब सोयीची पडते, कारण हाफ पॅनवर ब्रश घासून मोठ्या आभाळापुरता रंग काढेपर्यंत आधी लावलेली कडा वाळते आणि तिथे रेघ उमटते.

आमची निवड: लेमन यलो ह्यू, पर्मनंट रोझ, अल्ट्रामरीन, इंटेन्स ब्लू आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून सुंदर राखाडी होतो, दाट कालवला तर जवळजवळ काळा. म्हणून काळी ट्यूब नकोच. पांढऱ्याचं काम कोरा कागद करतो. इंटेन्स ब्लू फार जोरकस आहे. हिरवा करताना पिवळ्यात तो ब्रशच्या टोकावर येईल इतकाच घाला. उलटं केलंत तर अर्धी ट्यूब पिवळा ओतावा लागेल.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) हवा. पातळ कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचतं, डाग पडतात आणि दोष बिचाऱ्या रंगांवर येतो.