पहिली दुर्बीण: बायनॉक्युलर, ७० मिलिमीटरची नळी की ६ इंची डॉब्सोनियन?

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात शनी पाहून झाला, की रांगेतलं कुणीतरी हमखास मागे रेंगाळतं. सोबत सातवी-आठवीतली मुलगी किंवा मुलगा असतो. "अशी दुर्बीण घरी घ्यायची, तर कुठली घ्यावी?" मी आधी उलटे प्रश्न विचारते: घर कितव्या मजल्यावर? गच्चीची किल्ली कुणाकडे असते? गाडी आहे का? खरेदीचा निम्मा निर्णय या उत्तरांतच होऊन जातो. समोर पर्याय बहुधा तीनच असतात: १०×५० बायनॉक्युलर (म्हणजे १० पट मोठं दाखवणारं, ५० मिलिमीटर भिंगाचं), ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण आणि ६ इंच आरशाची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण.

दुर्बीण आधी प्रकाश गोळा करते, मोठं करून दाखवणं त्यानंतर येतं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. ५० मिलिमीटरचं भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश घेतं, ७० चं शंभरपट आणि १५० मिलिमीटरचा, म्हणजे ६ इंची आरसा साडेचारशेपट. खोक्यावर ठळक छापलेल्या '५२५ पट' या आकड्याला म्हणूनच भुलू नका. ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (भिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतच्या अंतराच्या) नळीला ४ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, आणि वर तिप्पट करणारं बार्लो हे जोडभिंग लावलं, की ७०० भागिले ४ गुणिले ३, असे कागदावर ५२५ येतात. पण ७० मिलिमीटरच्या भिंगाची कुवत १४० पटीच्या आसपास संपते. पुढे दिसतो तो फक्त मोठा, अंधूक डाग.

बायनॉक्युलरबद्दल लोकांची निराशा ठरलेली: "म्हणजे शनीची कडी दिसणार नाहीत?" नाही दिसणार. १६१० साली गॅलिलिओने सुमारे २० पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून शनी पाहिला, तेव्हा त्यालाही ते तीन गोळे वाटले होते, १० पटीत कडी कुठून दिसणार? पण कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरूकडे बघा, त्याचे चार चंद्र ठिपक्यांसारखे ओळीत दिसतात. दुसऱ्या रात्री ओळ बदललेली असते. कृत्तिका मात्र बायनॉक्युलरमध्येच पाहाव्यात. मोठ्या दुर्बिणीत तो पुंजका मावत नाही, इथे निळसर तारे एकाच नजरेत येतात. अमावस्येच्या सुमाराला गावाकडे सतरंजीवर पाठ टेकून वृश्चिकेच्या नांगीपासून धनूपर्यंत सावकाश सरकत जा. आकाशगंगेचा तो पट्टा मी कितीदा पाहिला असेल, तरी अजून पुरत नाही. शिवाय बायनॉक्युलर एस.टी.त मांडीवर घेऊन जाता येतं आणि आकाश ढगाळलं तर पक्षी बघायला कामी येतं. हात थरथरत असतील तर १२ किंवा २० पटीच्या मोहात पडू नका, थरथरही तितकीच वाढते.

७० मिलिमीटरच्या दुर्बिणीचं भिंग सहसा वाईट नसतं. घात करतो तो स्टँड. फोकसच्या चाकाला बोट लावलं, की चंद्र नाचायला लागतो आणि मूल पाच मिनिटांत कंटाळतं. त्यातही वजनाचा गोळा लटकणारा विषुववृत्तीय स्टँड आपल्याकडे जास्तच अडचणीचा. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो आणि महाराष्ट्रात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंश वर, म्हणजे शहरात बहुतेकदा समोरच्या इमारतीमागे. अक्ष इतका आडवा झाला, की गोळा कधी कधी स्टँडच्या पायालाच आपटतो. तरीही तुमच्याकडे फक्त बाल्कनी असेल आणि चंद्र-ग्रह एवढंच बघायचं असेल, तर ही दुर्बीण घ्या. वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा साधा, पण जड स्टँड मागा. चंद्रावरची विवरं आणि शनीची कडी ती नक्की दाखवते.

माझा कल डॉब्सोनियनकडे आहे, हे लपवत नाही. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून ते आरसे करत, नळीला पुठ्ठा वापरत, बैठकीला प्लायवूड, आणि फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवत. तीच साधी बैठक आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. सगळा पैसा आरशात जातो, म्हणून किमतीच्या मानाने दिसतं जास्त.

फरक बघायचा असेल, तर एप्रिल-मे महिन्यात दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ लावा. पुण्यातून तो जेमतेम २४ अंश वर येतो, लंडनहून तर उगवतच नाही. बायनॉक्युलरमध्ये तो कापसाचा बोळा. ६ इंची आरशात त्याच बोळ्यात रव्याचे कण दिसायला लागतात आणि प्रत्येक कण म्हणजे एक तारा.

अडचणीही सांगते. नळी सव्वा मीटरच्या आसपास, सगळं मिळून वजन पंधरा किलोच्या घरात. लिफ्ट बंद असली, तर चौथ्या मजल्यावरून ती खाली येणार नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे १२० पटीत शनी दीडएक मिनिटात दृश्यातून निघून जातो आणि नळी हाताने ढकलत राहावी लागते. लहान मुलांना याचीच गंमत वाटते. प्रवासानंतर आरसे जुळवून घ्यावे लागतात, ते दोन-तीन वेळा कुणी समोर बसून शिकवलं की जमतं.

मोबाईलवर चित्र दाखवणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी हा चौथा पर्याय. शहराच्या उजेडातूनही त्या मृगातल्या तेजोमेघाचे रंग टिपतात, डोळ्याला तो राखाडी-हिरवटच दिसतो. ग्रह मात्र त्यांत चिमुकले येतात. फोटोचीच आवड असेल तर जरूर घ्या.

गच्ची आणि गाडी दोन्ही असतील तर सरळ डॉब्सोनियन, नाहीतर आधी बायनॉक्युलर. त्याआधी एक रात्र पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालत आलेल्या संस्थेच्या किंवा मुंबईच्या खगोल मंडळाच्या कार्यक्रमात काढा. तिथे निरनिराळ्या दुर्बिणींना डोळा लावून बघता येतो.

दुर्बिणीबरोबर आयपीसवर बसणारा 'सन फिल्टर' आला, तर तो त्याच दिवशी फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा जातो. सूर्याचा फिल्टर नेहमी नळीच्या पुढच्या तोंडावर लागतो.

आणि जूनमध्ये खरेदी करू नका. चार महिने ढग, वर दमटपणा, त्यात भिंगांना बुरशी लागते. दसऱ्यानंतर घ्या. जुनी घेत असाल, तर पुढच्या भिंगातून टॉर्च मारून मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले, तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या.