एमएलबी डॉट टीव्हीवरील मायनर लीग : बेळगावातील एका प्रेक्षकाचे मत

मेजर लीग बेसबॉलच्या ‘एमएलबी डॉट टीव्ही’ या सेवेच्या वर्गणीत २०२३ पासून मायनर लीगचे, म्हणजे मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या पायऱ्यांवरच्या लीगचे सामनेही पाहता येतात, आणि माझ्या मते या वर्गणीचे खरे चीज होते ते याच भागामुळे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना त्यांच्या उन्हाळ्यात बेळगावात पहाटे साडेचारला लागतो. चेंडू टाकण्यासाठी ठरावीक सेकंद देणारे घड्याळ मायनर लीगमध्ये आधी रुळले आणि मग २०२३ मध्ये मेजर लीगने ते स्वीकारले; त्यामुळे खेळ रेंगाळत नाही आणि कामाला निघण्यापूर्वी सामना बहुधा पाहून होतो.

ट्रिपल-ए या मायनर लीगमधल्या सर्वांत वरच्या पायरीचे चित्रण उत्तम असते. सिंगल-ए या खालच्या पायरीला कॅमेरे मोजके असतात, परंतु अठरा-वीस वर्षांच्या पोराची चेंडूफेक महिन्यामहिन्याने कशी सुधारते हे तिथेच दिसते, आणि मी ही सेवा त्यासाठीच घेतो.

मात्र पाहायला मिळते ते आता पूर्वीपेक्षा कमी आहे. २०२० पर्यंत मायनर लीगचे सुमारे १६० संघ मेजर लीग क्लबांशी, म्हणजे तिथल्या मुख्य संघांशी, जोडलेले होते. २०२१ पासून प्रत्येक क्लबाला चार याप्रमाणे १२० उरले, शिवाय फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना व डॉमिनिकन प्रजासत्ताकातील नवशिक्यांचे संघ. खालच्या पायरीवरच्या लीगपैकी न्यूयॉर्क-पेन लीग बंद झाली, अ‍ॅपलाचियन लीग महाविद्यालयीन खेळाडूंकडे गेली आणि पायोनियर लीग स्वतंत्र झाली. क्लब दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या वार्षिक निवडीच्या (ड्राफ्टच्या) फेऱ्याही ४० वरून २० वर आल्या. पुढे मेजर लीग गाजवणाऱ्या माइक पियाझाची निवड १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत झाली होती आणि मार्क बर्लीची १९९८ मध्ये अडतिसाव्या. आज निवड तिथवर पोहोचतच नाही. निवडीबाहेरच्या मुलांशी करार करता येतो हे खरे, पण त्यांना खेळवायला संघच कमी असतील तर त्या कराराला कितीसा अर्थ राहतो?

क्लबांचे म्हणणे असे की, मोजमापाची साधने सुधारल्यामुळे थोड्याच खेळाडूंवर अधिक चांगले काम करता येते. यात तथ्य आहे. २०२३ मध्ये मायनर लीग खेळाडूंच्या संघटनेने मेजर लीगशी केलेल्या पहिल्या सामूहिक करारानंतर ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० डॉलरवर गेले, हेही मोठेच पाऊल आहे, कारण त्याआधीची स्थिती लाजिरवाणी होती. नुसते संघ वाढवण्याचा जुना मार्गही मला मान्य नाही : ब्रँच रिकी यांच्या व्यवस्थापनाखालील सेंट लुईस कार्डिनल्स या क्लबाने आपल्या मायनर लीग संघांत इतके खेळाडू अडकवून ठेवले की १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी त्यांतल्या सत्तरहून अधिक जणांना मुक्त केले.

तरीही विस्तार व्हावा, आणि तो सर्वांत खालच्या पायरीवर, आजच्या वेतनाच्या हमीसह व्हावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या बेळगाव-खानापूर भागात जत्रेतल्या कुस्त्या पाहत आलेल्यांना हे वेगळे सांगायला नको : गावातल्या तालमी मिटल्या की शहरातल्या आखाड्यात खुराक कितीही चांगला दिला तरी नवे मल्ल येणार कुठून? उशिरा उमलणाऱ्या खेळाडूला मोजमापाच्या प्रयोगशाळेइतकीच प्रत्यक्ष सामन्यांची गरज असते, आणि लहान शहरांनाही आपला संघ हवा असतो. २००८ मध्ये भारतातील प्रतिभाशोध स्पर्धेतून पुढे आलेल्या आणि पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबाने घेतलेल्या रिंकू सिंगने फ्लोरिडातील नवशिक्यांच्या लीगपासून सुरुवात करून वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या सिंगल-ए संघापर्यंत मजल मारली. २०२० नंतरच्या कपातीत त्या संघाचीही मेजर लीगशी असलेली संलग्नता गेली.

बेसबॉलचे नियम ठाऊक असलेल्यांनी ही वर्गणी निःशंकपणे घ्यावी आणि सिंगल-एपासून पाहायला सुरुवात करावी. सोमवारी तिकडे बहुतेक संघांना सुट्टी असते, म्हणून आपला मंगळवार मोकळा जातो. नवशिक्यांच्या संघांचे सामने मात्र या सेवेवर सहसा दिसत नाहीत. एका स्थिर कॅमेऱ्याने का होईना, ते दाखवायला हवेत, कारण भारतातून तिकडे जाणाऱ्या मुलाचा पहिला सामना बहुधा त्याच मैदानांवर होईल.