ॲल्युमिनियमचा टिग वेल्डर आणि स्कॉर्पिओचा घरी बनवलेला इंटरकूलर: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी स्कॉर्पिओ, 2.2 एमहॉक डिझेल, बॉनेटवर स्कूप, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, असलेली. कंपनीचा इंटरकूलर (टर्बोने दाबून गरम झालेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी) त्या स्कूपखाली, थेट इंजिनाच्या डोक्यावर बसतो. हायवेला काही तक्रार नाही. पण आंबा घाटात लोड ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला लागलं की स्कूपमधून वारा येत नाही, खालून इंजिनाची धग लागत राहते, आणि ऐन चढाला गाडी जड होते. म्हणून इंटरकूलर पुढे, बंपरच्या जाळीमागे आणायचा ठरवला. तयार किट घेण्यापेक्षा स्वतः बनवावा, आणि त्यासाठी एसी/डीसी टिग मशीन (टंगस्टनच्या टोकाने, आर्गन वायूच्या आवरणात वेल्डिंग करणारं) घ्यावं, असा विचार होता. शेडमध्ये ॲल्युमिनियमची बाकीची कामंही येत असतात, त्यामुळे मशीनचा खर्च एकट्या गाडीवर पडणार नव्हता.

आधी मशीनबद्दल, कारण फसायला होतं ते इथेच.

बाजारात 'टिग' म्हणून जे स्वस्तात मिळतं ते बहुतेक वेळा फक्त डीसी असतं. स्टेनलेस आणि एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं, काम त्यावर सुरेख होतं, पण आर्गनवर ॲल्युमिनियमची ही असली कामं त्यावर होत नाहीत. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्याही पुढे टिकतो. म्हणजे आतला धातू पाणी झालेला असतो आणि वरची कातडी तशीच. एसीमध्ये करंट उलटसुलट फिरतो. एका अर्ध्या फेरीत ही कातडी फुटून साफ होते, दुसऱ्या अर्ध्या फेरीत धातूत उष्णता उतरते. या दोन्हींचं प्रमाण जिथे ठरतं तो बॅलन्स. मी साफसफाईचा भाग 30 टक्क्यांच्या आसपास ठेवतो. त्यापेक्षा वाढवला तर टंगस्टनचं टोक तापून गोळा होतं आणि आर्क पसरतो. फार कमी केला तर वितळलेल्या धातूच्या डबक्यात काळे ठिपके तरंगायला लागतात. फ्रिक्वेन्सी 100 ते 120 हर्ट्झ ठेवली की आर्क बारीक होतो आणि कोपऱ्यात नेमका बसतो.

दुकानदार 250 अँपिअरच्या मशीनचा आग्रह करत होता. मी 200 चं घेतलं आणि आजही तेच घेईन. 3 मिलिमीटर पत्र्याला साधारण 120 अँपिअर लागतात. कोअरच्या (इंटरकूलरच्या मधल्या जाळीदार भागाच्या) कडेचा बार जाड असतो, तो थंड असताना जास्त मागतो, पण एकदा कोअर गरम झाला की करंट उतरवतच जावं लागतं. म्हणून माझ्या मते वरचा आकडा दुय्यम आहे. करंट कमी-जास्त करणारा पायाचा पॅडल सोबत येतो का, आणि 10-15 अँपिअरवर आर्क स्थिर राहतो का, हे बघून मशीन घ्या. पॅडलशिवाय टॉर्चच्या बटणावर इंटरकूलर करणारे कारागीर आहेत, त्यांच्या हाताला सलाम. पण शिकणाऱ्याने तो मार्ग धरू नये. ॲल्युमिनियम उष्णता इतक्या झपाट्याने पसरवतं की सुरुवातीला जे डबकं बनायलाच तयार नसतं, तेच वीतभर पुढे गेल्यावर एकदम ढासळून खाली पडतं. ते ढासळायच्या आधी पाय उचलता आला पाहिजे.

ड्यूटी सायकलही नीट वाचा. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात 200 छापलेलं असतं, पण दहा मिनिटांपैकी किती मिनिटं ते 200 चालतील, हे आतल्या पाटीवर असतं. माझं सिंगल फेजवर चालतं. त्याला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग दिलंय. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मशीन एररवर जातं, त्यामुळे लांब शिलाई (वेल्डची सलग रेघ) मी सकाळीच घेतो. किमतीचं म्हणाल तर पॅडलसकट एसी/डीसी मशीन 50 हजारांच्या पुढेच जातं, आणि आर्गनचा सिलिंडर, रेग्युलेटर, फिलर रॉड (जोडात वितळवून भरायची कांडी) हे सगळं त्याच्या वर.

आता इंटरकूलर. कोअर बार-अँड-प्लेट जातीचा घेतला. ट्यूब-अँड-फिनपेक्षा तो जड असतो, पण खडी उडाली तर टिकतो, आणि त्याच्या कडेच्या जाड बारवर टाकी (हवा आत-बाहेर नेणारा टोकाचा डबा) वेल्ड करणं सोपं जातं. टाक्यांसाठी ॲल्युमिनियमच्या 5052 जातीचा पत्रा घेतला, कारण तो वाकवताना तडकत नाही. 6061-टी6 जातीला घट्ट बेंड मारला की बाहेरच्या बाजूने चीर पडते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा कापून, बेंड मारून मिळाला. फिलर रॉड 4043 जातीचा. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: 5356 चा रॉड चकाकतो आणि ताकदीलाही जास्त, पण सतत 65 अंशांच्या वर राहणाऱ्या जोडाला तो चालत नाही, काळाने तडे जाऊ शकतात. आणि इंटरकूलरच्या गरम बाजूला काय असतं? 35 अंशांची हवा 1 बार बूस्टने (टर्बोच्या जादा दाबाने) दाबली आणि टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा 130 अंशांच्या घरात जाते. तिथे 4043 च हवा.

कोअर भट्टीत ब्रेझ केलेला, म्हणजे आधी वितळणाऱ्या धातूने सांधलेला असतो, आणि ते ब्रेझिंग मूळ धातूच्या बरंच आधी वितळतं. टाकी जोडताना आर्क कोअरच्या बाजूला रेंगाळला तर आतले पातळ जोड सुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे आर्क बार आणि पत्रा यांच्या मध्येच धरायचा, छोटे छोटे टप्पे घ्यायचे, एकदा डाव्या टोकाला तर एकदा उजव्या, आणि मध्ये कोअरला हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. बारला आधी थोडी ऊब दिली, साधारण 100 अंश, तर सुरुवातीचा अँपिअर कमी लागतो.

साफसफाईत कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया जातं. आधी ॲसिटोनने पुसायचं, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. ब्रेक क्लीनर मारून वेल्ड करू नका. त्यात क्लोरीनयुक्त द्रावक असेल तर आर्कच्या अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ही जिवाशी गाठ आहे.

पावसाळ्यात मशीनने नवं काही शिकवलं. कोल्हापुरात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल धरते. त्या ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये शिरतो आणि धातू गोठताना बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो. वरून शिलाई एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारखी देखणी दिसते. पण टाकी पाण्यात बुडवून 1.5 बार हवा दिली की जोडाच्या एका कोपऱ्यातून मोहरीएवढ्या बुडबुड्यांची रांग वर येते, थांबते, पुन्हा येते. तेव्हापासून पावसाळ्यात मी पत्रा आणि रॉड दोन्ही गरम हवेने सुकवूनच घेतो. पंखाही बंद ठेवतो, नाहीतर आर्गनचं आवरण उडतं. गॅस मिनिटाला 10 लिटरच्या आसपास पुरतो. जास्त सोडला तर प्रवाह घुसळतो आणि उलट बाहेरची हवा आत ओढली जाते.

गाडीवरचा निकाल समाधानकारक आहे. इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून मी दोन्ही वेळचं तापमान पाहिलं. बाहेर 36-37 अंश असताना, घाटात ट्रकमागे, जुन्यावर काटा 85 च्या पुढे जायचा. नव्यावर तो 55 ते 60 मध्ये राहतो, आणि रस्ता मोकळा मिळाला की लगेच खाली येतो. पॉवर किती वाढली हे डायनोवर (पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) न चढवता सांगणार नाही. पण चढावर गिअर कमी वेळा उतरवावा लागतो, हे रोज जाणवतं.

तोटेही आहेत. पाइपची लांबी वाढल्यामुळे कमी आरपीएमला टर्बो किंचित उशिरा भरतो. इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरपुढे आल्याने सिग्नलला थांबल्यावर एसी थोडा ढिला पडतो. इंजिनचं तापमान मात्र जागेवर आहे, कारण कोअर उंचीला कमी घेतला आणि रेडिएटरचा वरचा भाग मोकळा सोडला. इंजिन चेसिसवर हलतं आणि इंटरकूलर बॉडीला धरलेला आहे, म्हणून जोडांना सिलिकॉन होज, टी-बोल्ट क्लिप आणि ब्रॅकेटखाली रबर दिलंय. पाइपच्या टोकांना उभार काढला, त्यामुळे एकही होज निसटलेला नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवला आहे.

फक्त एका गाडीसाठी इंटरकूलर हवा असेल तर मशीन घेऊ नका. कोअर घ्या, टाक्यांचं माप काढा, टॅक (तात्पुरते ठिपक्यांचे जोड) मारण्याइतकी जुळवाजुळव करा आणि चांगल्या टिग कारागिराकडे न्या. वर्षभर ॲल्युमिनियम हाताखालून जाणार असेल तर मात्र घ्या, आणि पहिल्याच दिवशी टॉर्चचा विचार करा. मशीनसोबत आलेली 26 नंबरची एअर-कूल्ड टॉर्च एसीवर 150 च्या आसपास सतत चालवली की हातमोज्यातून चटका लागतो. दिवाळीनंतर वॉटर-कूल्ड 18 नंबरची टॉर्च आणि कूलर घेणार आहे.