घरात शार्क ठेवायचाय? मग बाला, इरिडेसंट, बांबू आणि कॅटशार्क यांतलं अंतर समजून घ्या

‘शार्क पाळायचाय’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, गोड्या पाण्यातला की खाऱ्या? कारण शार्क या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या प्रकारचे मासे विकले जातात. बाला शार्क आणि लाल शेपटीचा काळा शार्क हे कार्पच्या कुळातले. इरिडेसंट शार्क हा मिशाळ मासा, म्हणजे कॅटफिश. पाठीवरचा उभा तिकोनी पर आणि शरीराची ठेवण पाहून त्यांना हे नाव पडलं, एवढंच. खरा शार्क कूर्चेच्या सांगाड्याचा असतो. त्यांच्यापैकी घरात विचार करता येईल असे मोजकेच: बांबू शार्क, एपॉलेट शार्क आणि कोरल कॅटशार्क.

निवड करताना रंग, तोंडवळा हे सगळं नंतर. पहिला आकडा पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीचा. तो कळला की फरशीवर खडूने टाकीचा चौकोन आखा आणि दोन दिवस त्याच्या भोवतीने ये-जा करून बघा. निम्मे निर्णय त्या चौकोनातच होतात.

गोड्या पाण्यापासून सुरुवात करू. लाल शेपटीचा काळा शार्क 12 ते 15 सेंटिमीटरवर थांबतो. काळं कुळकुळीत अंग आणि शेपटी लालभडक. स्वभावाने मात्र हद्द राखणारा, आपल्या जातीचा दुसरा मासा त्याला खपत नाही. म्हणून एकच ठेवावा, 120 सेंटिमीटर लांबीच्या टाकीत, लपायला दगड-लाकूड देऊन. हा मूळचा थायलंडचा. तिथल्या नद्यांत तो जवळजवळ संपला आहे. बाजारात येतो तो पैदास केलेला.

बाला शार्कचं उलट. हा 30-35 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि त्याला सोबत लागते, निदान पाच जणांची. एकटा ठेवला तर बुजतो, कोपऱ्यात बसतो. कळप मात्र टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चांदीच्या पट्ट्यासारखा वळतो, ते बघत राहावं असं असतं. त्यासाठी दोन मीटर लांब टाकी हवी, म्हणजे साधारण 700 लिटर. झाकण घट्ट हवं. रात्री अचानक दिवा लावला की हे मासे उसळतात. झाकणावर आदळल्याचा तो ठक् आवाज एकदा ऐकला की पुन्हा झाकण उघडं राहत नाही.

इरिडेसंट शार्कबद्दल मी स्पष्टच सांगतो: घेऊ नका. दुकानात तो बोटाएवढा, चंदेरी आणि गोड दिसतो. हा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला पंगास, सव्वा मीटरच्या पुढे वाढणारा आणि लांबचं स्थलांतर करणारा. त्याची नजर अधू असते, त्यामुळे कुणी जवळून गेलं तरी घाबरून काचेवर धडकतो. नाकाडावरची कातडी सोललेली, मिशा झिजलेल्या असा पंगास मी जवळून पाहिला आहे. घरात मावेल अशी कुठलीही टाकी त्याला पुरत नाही.

आता खरे शार्क. यांच्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बांबू शार्क आणि कोरल कॅटशार्क यांच्या लांबीतला फरक. बांबू शार्क मीटरभर होतो, कॅटशार्क 70 सेंटिमीटर. ऐकायला फरक एका फुटाचा. पण लांबी माशाच्या तिप्पट, रुंदी दीडपट आणि पाणी 60 सेंटिमीटर खोल, असा हिशोब धरला तर बांबू शार्कला 2700 लिटर लागतात, कॅटशार्कला सुमारे 1300. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. फरशीवर पावणेतीन टन की सव्वा टन, हा प्रश्न आधी इमारतीचं काम कळणाऱ्या माणसाला विचारायचा. पुढे दर वेळी पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, लिटरला 35 ग्रॅम मीठ घालून. पहिल्याला एका खेपेला 19 किलो मीठ, दुसऱ्याला नऊ. म्हणून खऱ्या शार्कवरच मन बसलं असेल तर माझं मत कॅटशार्ककडे. एपॉलेट शार्क हा बांबू शार्कच्याच मापाचा. तो परांवर रांगत चालतो, ओहोटीत उरलेल्या डबक्यांत कमी प्राणवायूवर तग धरतो. पण म्हणून त्याची टाकी लहान ठेवता येत नाही.

तिघेही तळाशी राहणारे आणि रात्री फिरणारे. दिवसा दगडाखाली पडून राहतात, तोंडाने पाणी खेचून कल्ल्यांतून सोडतात, त्यामुळे सतत पोहावं लागत नाही. काळ्या टोकांच्या रीफ शार्कला ते लागतं, म्हणून घरासाठी तो बादच.

पोट तळाला घासतं, तेव्हा वाळू बारीक हवी. औषधांत तांबं असेल तर शार्कसाठी ते विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची बरीच औषधं त्यामुळे बाद होतात. शार्कला पाण्यातला सूक्ष्म वीजप्रवाहही जाणवतो, म्हणून खराब झालेला हीटर किंवा पंप लगेच बदलावा. खाणं आठवड्यातून दोन-तीनदा: कोळंबी, स्क्विड, माशाचे तुकडे, त्यात जीवनसत्त्वं आणि आयोडीन. आयोडीन कमी पडलं की घशाखाली गाठीसारखी सूज येते. छोटे मासे आणि खेकडे सोबतीला ठेवले तर ते त्याचं जेवण होतात.

अंडं घ्यावं का, हे बरेच जण विचारतात. अंड्यामागे टॉर्च धरली की चामड्यासारख्या पिशवीत बलकाला चिकटलेला जीव वळवळताना दिसतो, शेपटी सतत हलत असते. त्या दृश्याला तोड नाही. पण पिल्लू बाहेर यायला चार-पाच महिने लागतात आणि पहिले काही दिवस ते काहीच खात नाही. नवख्या माणसाची त्या दिवसांत फार घालमेल होते. शिवाय बांबू शार्क 20-25 वर्षं जगतो. घरातलं मूल शाळेत जायला लागेल, शिकून बाहेर पडेल, तरी टाकीत तो असेलच.

जागा दीड मीटरपेक्षा कमी असेल तर लाल शेपटीचा घ्या. दोन मीटरची भिंत मोकळी असेल तर बालाचा कळप. कॅटशार्कच घ्यायचा असेल तर आधी वर्षभर खाऱ्या पाण्याची साधी टाकी सांभाळून बघा. मग पिल्लू घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला समोर खायला घालायला सांगा. कोळंबीचा तुकडा त्याने हुंगला, पकडला आणि गिळला, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते घरी आणू नका.